औषधाचा खाडा

मिक्श्चरची बाटली म्हटलं की आमच्या पिढीला आधी आठवते ती बाटलीवरची कातरलेली कागदी पट्टी. औषधाची चव त्यानंतर. डॉक्टर आतल्या खोलीत छातीला नळी लावायचे आणि बाहेर लाकडी खिडकीपलीकडे कंपौंडर बसायचा. त्याच्या मागच्या फळीवर काचेच्या मोठ्या बरण्या: एकीत लाल, एकीत गुलाबी, एकीत गढूळ पांढरं. बाटली आपण घरून न्यायची, बुचासकट घासून. कंपौंडर दोन-तीन बरण्यांतलं थोडं थोडं ओतायचा, पाणी घालून बाटली भरायचा, मग कागदाच्या लांबट घडीला कात्रीनं खाचा पाडायचा. घडी उलगडली की सारख्या अंतरावर दाते. ती पट्टी खळीनं बाटलीला चिकटवली की झालं. एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत एक डोस. दिवसातून तीन वेळा, हलवून.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर मोठी आई, म्हणजे आमची आजी, ती बाटली कंदिलापुढे धरायची. औषध कुठल्या खाचेपर्यंत उतरलंय यावरून दिवसभराचा हिशेब लागायचा. तिला घड्याळ नीट कळायचं नाही, पण खाच कळायची. दुपारचा डोस चुकला असेल तर आजाऱ्याला काही विचारायची गरजच नसायची.

अर्थात पातळी खाली गेली म्हणजे औषध पोटात गेलं, असं नसतं. हे आम्हा भावंडांना फार लवकर कळलं. एक डोस मोरीत गेला तरी पट्टीवर तो घेतलेलाच दिसतो. आजही आम्ही चुलत-आत्ये भावंडं कुणाच्या लग्नात जमलो की कुणी कुठं काय ओतलं याची उजळणी होते आणि मोठ्या आवाजात वाद होतात. तुळशीच्या बुंध्याशी मिक्श्चर थोरल्यानं ओतलं की धाकटीनं, हा वाद गेली कित्येक वर्षं निकालात निघालेला नाही. गोळ्या झोपाळ्याच्या कडीमागच्या भोकात कोंबल्या होत्या याबद्दल मात्र एकमत आहे. घराची रंगरंगोटी निघाली तेव्हा त्या सापडल्या होत्या.

घर मिरजेचं. मिरजेच्या घरात आजारी माणूस नाही असा महिना जायचा नाही, आणि तो आपल्याच घरातला असायचा असंही नाही. कॅनडातून आलेल्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून बेळगाव-हुबळीकडून, गोव्याकडून, कोकणातून माणसं गाडीनं मिरजेला उतरत आली. त्यातली नात्यागोत्यातली आमच्या ओसरीवर. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा डोळा, कुणाची छाती. आम्हाला शाळेतल्या धड्यांआधी पथ्यं पाठ झाली होती. कुणाला तेलकट चालत नाही, कुणाला मीठ चालत नाही, कुणाला कोणत्या वेळी कोणती पुडी द्यायची, हे मोठ्या आईच्या डोक्यात असायचं आणि तिच्या हुकमावरून आम्ही फुलपात्र घेऊन धावायचो.

गोळी गिळली की नाही हे बघायची तिची रीत वेगळी होती. "आ कर" आणि "जीभ वर कर" हे सगळ्याच आज्या करतात. ती त्याच्या पुढे जायची. गोळी तोंडात गेली, पाणी प्यायलं, की ती म्हणायची, "आता सातचा पाढा म्हण." गालात गोळी ठेवून सात साते एकोणपन्नास म्हणता येत नाही. म्हणून बघा. कडू गोळी असेल तर अठ्ठावीसच्या आतच सगळं बाहेर येतं. तापात पाढे म्हणणारी मुलं बघून ओसरीवरच्या पाहुण्यांना वाटायचं, या घरात अभ्यासाला फार किंमत आहे.

हे सगळं गमतीचं. १९६०च्या दशकात मधल्या काकांचं दुखणं निघालं तेव्हा गंमत राहिली नाही. आम्हाला सांगितलं होतं, काकांची छाती नाजूक आहे. क्षय हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे, टी.बी. म्हणायचं तरी आवाज खाली जायचा. काकांची ताट-वाटी वेगळी झाली, खोली वेगळी झाली, आमचं त्यांच्या मांडीवर बसणं बंद झालं. मिरज-सांगलीच्या मध्ये वॉन्लेसवाडीला क्षयाचं सॅनेटोरियम होतं, आणि काकांना तिथं ठेवणार असं आम्ही दाराआडून ऐकलं होतं. पण डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, औषध मात्र चुकवू नका.

डॉक्टरांना असं म्हणायचा धीर कुठून आला, हे आम्हाला मोठेपणी कळलं. १९५६ मध्ये मद्रासला क्षयाच्या औषधोपचाराचं एक केंद्र सुरू झालं होतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचं ते मिळून चालवलेलं काम. तिथं शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, अंथरुणावर, चांगल्या खाण्यापिण्यासह. दुसरा आपल्याच दाटीवाटीच्या घरात. औषधं दोघांना तीच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष बाहेर आले आणि जगभरच्या क्षयतज्ज्ञांना आपली मतं बदलावी लागली. घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्यामुळे घरच्यांना लागण वाढली नव्हती. डोंगरावरची हवा, दूध-अंडी, विश्रांती यांच्याहून औषधाचं सातत्य महत्त्वाचं ठरलं.

सातत्य राहतंय की नाही, हे त्या केंद्राची माणसं कसं बघत? अवचित घरी जाऊन. उरलेल्या पुड्या मोजायच्या आणि लघवीचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश आहे का ते तपासायचं. हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, "म्हणजे मोठी आईच की!" फक्त लघवी तपासायची विद्या तिच्याकडे नव्हती.

तिच्याकडे दुसरी होती. काकांना रोज सकाळी स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन असायचं. कंपौंडर सायकलवरून यायचा, स्टोव्हवर सुई-सिरिंज उकळायचा, खोलीभर स्पिरिटचा वास. इंजेक्शन चुकवता येत नव्हतं. त्याच्या जोडीला आयसोनियाझिडच्या गोळ्या आणि पी.ए.एस. हे पी.ए.एस. म्हणजे शिक्षाच. दिवसाला दहा-बारा ग्रॅम पोटात जायला हवं. त्यानं मळमळायचं, पोट बिघडायचं, अन्नावरची वासना जायची. असं दीड वर्षभर. तीन महिन्यांत काकांचा खोकला थांबला, वजन वाढलं, ते पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागले. आणि एका दुपारी त्यांनी भात मागून घेतला. दुसऱ्या दिवशीही मागून घेतला. तिसऱ्या दिवशी मोठी आई त्यांच्या खोलीत गेली आणि पुस्तकांच्या मागून पी.ए.एस.च्या पुड्या काढून आणल्या.

आम्हा सगळ्यांना वाटलं, आता रागावणार. तिनं विचारलं, "वर्गात त्रास होतो का?" काका मान खाली घालून म्हणाले, दुपारच्या तासाला तीन-तीनदा बाहेर जावं लागतं, पोरं हसतात. दुसऱ्या दिवशी ती स्वतः डॉक्टरांकडे गेली. औषधाच्या वेळा बदलून आल्या, जेवणाशी जुळवल्या, मोठा वाटा शाळा सुटल्यानंतरचा ठरला. काका बरे झाले. नव्वदीपर्यंत जगले आणि शेवटपर्यंत भाताला नाही म्हटलं नाही.

बरं वाटू लागलं की औषध सुटतं, हीच क्षयाची मोठी अडचण आहे. खोकला जातो तेव्हा जंतू पुरते मेलेले नसतात. अर्धवट औषधातून जे उरतात त्यांच्यात औषधाला दाद न देणारे शिल्लक राहतात. मोठ्या आईला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की माणूस औषध सोडतो त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते कारण औषधाच्या कपाटात सापडत नाही.

मात्र या आठवणींवर फार साखर पेरायला नको. याच काळात आमच्याच गल्लीत एका सुनेला हाच आजार झाला, तेव्हा तिला माहेरी पाठवून दिलं. तिकडे औषध मिळालं की नाही, कुणी विचारलं नाही. मुलाच्या गोळ्या मोजणारं घर सुनेच्या मोजेलच असं नव्हतं. आमच्याही घरात मधल्या काकूला वेगळ्या ताटाचा नियम पाळायला लावणारे होते. तिच्या छातीचा फोटो काढून घ्यावा हे सुचायला मात्र वेळ लागला.

१९७३ मध्ये कालनिर्णय आलं आणि हिशेबाचं केंद्र बाटलीवरून भिंतीवरच्या कॅलेंडरवर सरकलं. दुधाचे खाडे, मोलकरणीचे खाडे, गॅसची टाकी लावली ती तारीख, आणि त्याच चौकोनात बारीक अक्षरात घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांची रक्तदाबाची गोळी. घेतली की बरोबरची खूण. आता अण्णांची पिढी रक्तदाब, मधुमेह अशा न संपणाऱ्या आजारांत शिरत होती. सहा महिन्यांत, दीड वर्षात औषध बंद, हा प्रकार संपला. आयुष्यभराच्या गोळ्या आल्या आणि त्यांच्यासाठी आयुष्यभराची आठवणही कुणीतरी ठेवायची होती. पेन कालनिर्णयाला दोऱ्यानं बांधलेलं असायचं आणि खूण करणारा हात काकूचा नाहीतर आईचा असायचा. अण्णा ऑफिसात शंभर फायली लक्षात ठेवत. गोळीचं मात्र त्यांना ताटाशेजारी ठेवल्याशिवाय आठवत नसे.

या बायकांच्या स्वतःच्या गोळ्यांचं काय झालं, ते वेगळंच प्रकरण. मधल्या काकूला अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. काकूचा मोगरा त्या वर्षी काय फुलला! गोळ्या पाण्यात विरघळवून ती कुंडीत घालत होती. "मला पचत नाहीत, त्याला पचतात," असं तिचं उत्तर. घरात सगळ्यांनी हसून ते मिरवलं. तिचा अशक्तपणा तसाच राहिला, हे आज लिहिताना खटकतं. तेव्हा खटकलं नव्हतं.

पुढे आमच्या वहिन्या आल्या, आणि साड्यांच्या घडीखाली माला-डीची पाकिटं. अठ्ठावीस गोळ्या, त्यातल्या शेवटच्या सात लोहाच्या, तपकिरी. कुठली गोळी उरली आहे यावरून आजची घेतली की नाही ते कळावं अशी रचना. या रचनेचं मूळ एका नवरा-बायकोच्या कटकटीत आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात डेव्हिड वॅग्नर नावाचा एक अभियंता होता, चार मुलांचा बाप. बायको संततिनियमनाच्या गोळ्या घेऊ लागली तेव्हा तो सारखा विचारायचा, आजची घेतलीस ना? ती वैतागायची. मग त्यानं कागदावर वार लिहून त्यावर गोळ्या मांडून बघितल्या. कागद खाली पडला, गोळ्या विखुरल्या. शेवटी त्यानं फिरणाऱ्या चकतीची, वारांच्या खुणा असलेली डबी केली. १९६४ मध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं. विचारणं बंद व्हावं म्हणून डबी जन्माला आली. आमच्या वहिन्यांना कुणी विचारतच नव्हतं, कारण ती जबाबदारी त्यांचीच मानलेली होती. त्यांना डबी आयती मिळाली एवढंच.

त्याच सुमारास, १९६०च्या दशकात, अमेरिकेतच थॉमस मोल्डिंग या डॉक्टरनं क्षयरुग्णांसाठी एक पेटी सुचवली होती. तिच्यात अगदी थोडा किरणोत्सारी पदार्थ आणि फोटोची फिल्म. रुग्ण गोळ्या काढत जाईल तसतशी फिल्मवर खूण उमटत जाणार. महिन्यानं फिल्म धुतली की रोज काढल्या, की डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री सगळ्या एकदम काढल्या, ते दिसणार. आजच्या चिपवाल्या डब्यांचं बीज तिथं आहे. आदल्या रात्री गृहपाठ उरकणारे आम्ही एकटेच नव्हतो, हे वाचून बरं वाटलं.

आमची एक आत्येबहीण मुंबईला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात परिचारिका होती. १९९७ पासून देशभर डॉट्स, म्हणजे क्षयाचं औषध समोर बसवून द्यायची पद्धत, पसरत गेली आणि २००६ पर्यंत सगळे जिल्हे त्यात आले. तिच्या नोकरीचा मोठा भाग त्यातच गेला. प्रत्येक रुग्णाच्या नावाची एक पेटी. नवीन रुग्णाला लाल, पूर्वी औषध सोडून परत आलेल्याला निळी. पूर्ण कोर्स त्या पेटीत, म्हणजे मध्येच औषध संपलं असं होणार नाही. पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा यायचं आणि समोर बसून सात गोळ्या घ्यायच्या. ती सांगायची, "सात गोळ्या बघूनच माणूस खचतो. पाण्याचा ग्लास मी माझ्या हातानं द्यायची." त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिननं लघवी लालसर होते, तेव्हा "रंग आला का?" हा तिचा रोजचा प्रश्न. गिळल्याची खात्री करायची ही विद्या शरीरच पुरवत होतं.

पण डॉट्सला यायचं म्हणजे कामावर उशीर, रोजंदारी बुडणार, आणि केंद्राच्या रांगेत गल्लीतलं कुणी बघणार. हिऱ्याच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा तोंडाला रुमाल बांधून यायचा, गोळ्या घेऊन मागच्या दारानं जायचा. म्हणून २०१७ मध्ये रोजची एकत्रित गोळी आणि तिच्याबरोबर नाइन्टीनाइन-डॉट्स आलं तेव्हा आत्येबहिणीला मनापासून आनंद झाला. बंगळुरूमध्ये तयार झालेली ही युक्ती फार साधी आहे. गोळ्यांच्या पट्टीवर पुठ्ठ्याचं पाकीट. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे दडलेले आकडे दिसतात. त्या आकड्यांचा फुकटचा फोन लावायचा, मिस्ड कॉल. कोणत्या दिवशी कोणते आकडे निघतील ते रुग्णाला आधी ठाऊक नसतं, यंत्रणेला असतं. फोन आला की आज पाकीट उघडलं गेलं, अशी नोंद. सुरुवातीला एचआयव्हीही असलेल्या क्षयरुग्णांसाठी ते वापरलं गेलं, मग पसरलं. खर्च जवळजवळ नाही, महागडा फोन लागत नाही आणि रांगही नाही.

कंपौंडरच्या कात्रीनं पाडलेल्या खाचा आता आकडे होऊन पाकिटात शिरल्या होत्या. मोरीही पाठोपाठ आली. आत्येबहिणीच्या पडद्यावर प्रत्येक रुग्णाचं कॅलेंडर, हिरवे आणि लाल चौकोन. एका बाईचे आठवडाभर सगळे लाल. ती घरी गेली, तर गोळ्या बरोबर घेतलेल्या. फोन नवऱ्याचा; तो रात्रपाळीला, आणि दिवसा झोपलेल्या नवऱ्याचा फोन उचलायची तिची छाती होत नव्हती. दुसऱ्या एकाचं कॅलेंडर हिरवंगार, आणि वजन उतरत चाललेलं. तो पाकीट फाडून आकडे आधीच बघून ठेवत होता. मुंबई-चेन्नईतल्या रुग्णांकडे अचानक जाऊन लघवीची तपासणी करणारा अभ्यासही पुढे झाला. तो हेच दाखवून गेला: औषध घेऊनही फोन न करणारे पुष्कळ, आणि फोन करून औषध न घेणारेही काही. मद्रासच्या जुन्या केंद्राची अवचित भेट साठ वर्षांनी पुन्हा कामी आली.

वाजणाऱ्या पेट्याही आल्या. वेळ झाली की दिवा लागतो, आवाज होतो, झाकण उघडलं की नोंद सिमकार्डावरून केंद्राकडे. खोलीत एकटं राहणाऱ्याला ती सोबत वाटली. चाळीत राहणाऱ्या मुलीनं मात्र ती पेटी गोधडीत गुंडाळून ठेवली, कारण लग्न ठरायचं होतं आणि भिंती पातळ होत्या.

आत्येबहीण यंत्राच्या विरोधात मुळीच नाही. ती म्हणते, शंभर रुग्णांच्या घरी रोज जाणं मला शक्य नव्हतं. लाल चौकोनामुळं कुठल्या पाच दारांत आज जायचं ते कळलं. पुढचं दार वाजवणाऱ्यावर. सरकारनं २०१८ मध्ये क्षयरुग्णांना पोषणासाठी महिना ५०० रुपये सुरू केले आणि २०२४ मध्ये ते १,००० केले, तेव्हा ती म्हणाली होती, हे फार आधी व्हायला हवं होतं. रिकाम्या पोटी ही गोळी कोण घेईल?

आता आम्ही स्वतः साठी-सत्तरीत आहोत. मोठ्या आईच्या घरातल्या प्रत्येकाकडे वाराची डबी आहे, इंग्रजी आद्याक्षरांची, ज्यात मंगळवार आणि गुरुवार दोन्ही टी. भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळच्या फुलांच्या चित्रांखाली रक्तदाबाचे आकडे येतात. मुलं पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीत. लांबची मुलं डब्या पाठवतात: झाकण उघडलं की त्यांच्या फोनवर निरोप, नाही उघडलं की दुसरा निरोप.

एका भाच्यानं तर गोळीतच चिप असते हे सांगून सगळ्यांना घाबरवलं. खरं आहे ते. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा पहिल्या गोळीला परवानगी दिली. मानसिक आजारावरचं जुनंच औषध, त्यात वाळूच्या कणाएवढा संवेदक. जठरातलं आम्ल लागलं की तो जागा होतो, कुशीवर चिकटवलेल्या पट्टीला संकेत देतो, पट्टी फोनला. मोरीचा रस्ता पहिल्यांदाच बंद झाला. पण औषध नियमित घेण्यात त्यानं सुधारणा होते हे सिद्ध झालेलं नाही, असं त्याच परवानगीत लिहिलेलं होतं, आणि संवेदक बनवणाऱ्या कंपनीनं २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. गोळी पोटात पोचली हे पक्कं कळलं. माणूस ती का टाळतो, याचं उत्तर त्या कणात नव्हतं.

आमच्या सांगलीच्या वहिनींची डबी मुलाला रोज रात्री नऊला हिरवा निरोप द्यायची आणि रक्तदाब काही केल्या उतरत नव्हता. मुलगा डॉक्टर बदलायच्या बेतात होता. शेवटी आत्येबहीण दोन दिवस राहायला गेली. वहिनी झाकण उघडायच्या, बंद करायच्या, आणि त्यातली एक गोळी पदराच्या गाठीत. पाणी उतरवणारी गोळी होती ती. रात्री चारदा उठावं लागतं, पाय घसरायची भीती. सकाळी घेतली तर भजनाला जाता येत नाही, कारण देवळात सोय नाही. मुलाला हे फोनवर कसं सांगायचं? डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आत्येबहिणीनं काकांच्या भाताची गोष्ट सांगितली आणि वहिनी खूप हसल्या.

मुलाचा पहिला विचार होता, डबीला कॅमेरा लावायचा. वहिनींनी ते ऐकून घेतलं आणि एक अट घातली. जन्मभर त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या ताटाशेजारी ठेवल्या होत्या: सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या, याच मुलाच्या तापाच्या. त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांच्या खुणा कालनिर्णयावर कधी कुणी केल्या नव्हत्या. डबीनं पहिल्यांदाच "तुमची राहिली" असं त्यांना म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडलं होतं. म्हणून डबी परत द्यायची नव्हती. अट एवढीच, की माझ्या डबीचा निरोप तुला जात असेल तर तुझ्याही गोळीचा मला यायला हवा. मुलगा पंचेचाळिशीचा, कोलेस्टेरॉलची गोळी गेल्या वर्षीपासून सुरू, आणि ती आईला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

बरीच टाळाटाळ करून त्यानं डबी जोडली. आता खाडा पडला की सांगलीहून बंगळुरूला फोन जातो. वहिनी गोळीचं नावही काढत नाहीत. ऑफिसातून किती वाजता आलास, जेवलास काय, इथून सुरुवात करतात, आणि दहा मिनिटांत खाड्याचं कारण त्यांच्या हाती आलेलं असतं. ॲपमध्ये कारण लिहायला एक रकाना आहे म्हणे. मुलगा तो रिकामाच ठेवतो. वहिनी सांगतात, आमच्या कालनिर्णयाच्या चौकोनातही ते मावायचं नाही.